धागा: कीकॅडमधला सर्किट बोर्ड मेकॅनिकल कॅडमध्ये आणताना नेमका कोणता मार्ग धरावा?

मूळ पोस्ट: पेटीकार

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात शेतपंपाच्या स्टार्टरसाठी प्लास्टिकच्या पेट्या आरेखित करण्याचे काम मी करतो. आजवर आमच्याकडे बोर्ड तयार होऊन हातात पडायचा, मी त्याला व्हर्नियर लावून मापे घ्यायचो आणि त्यांवरून पेटी उभी करायचो. या खेपेला बोर्ड आणि पेटी यांचे काम एकाच वेळी सुरू झाले आहे, त्यामुळे व्हर्नियर लावायला हातात काहीच नाही. जे काही आहे ते बोर्ड करणाऱ्या सहकाऱ्याच्या संगणकावर, कीकॅड या बोर्ड आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

बोर्ड १२० × ९० मिमीचा आहे. त्यावर दोन रिले, एक लहान ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, एक यूएसबी-सी सॉकेट आणि हेडरवर, म्हणजे पिनांच्या पट्टीवर, बसणारा १६ × २ अक्षरांचा डिस्प्ले आहे. पेटीच्या त्रिमितीय आरेखनासाठी मी फ्रीकॅड वापरतो. आमचा साचा करणारी टूलरूम त्याच कामासाठी सॉलिडवर्क्स वापरते.

सहकाऱ्याने आधी डीएक्सएफ फाईल, म्हणजे रेषांचे सपाट चित्र, दिली. ती उघडली तेव्हा १२० मिमीचा बोर्ड ४.७२ मिमीचा दिसला, आणि प्रत्येक रेषा दुहेरी होती. नंतर त्याने आयडीएफच्या दोन फायली दिल्या. त्यांत बोर्डाची पाटी आणि भोके नीट आली, पण वर एकही कंपोनंट नव्हता. शेवटी स्टेप फाईल, म्हणजे त्रिमितीय घनांची फाईल, आली. तिच्यात बरेच काही दिसले, पण रिले आणि ट्रान्सफॉर्मर गायब होते. शिवाय बोर्ड माझ्या पेटीपासून बराच दूर, कोपऱ्याबाहेर कुठेतरी तरंगत होता आणि फाईल फिरवताना संगणक धापा टाकत होता. या तिन्हींपैकी कोणत्या मार्गाने जावे आणि मी चुकतो कुठे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: तांबेपट

मी गेली बरीच वर्षे पुण्यात बोर्डांचे लेआउट करतो, म्हणजे तुमच्या सहकाऱ्याच्या बाजूचा माणूस आहे. तुमच्या तिन्ही फायली बिघडलेल्या नाहीत. प्रत्येक फाईल तिला जे सांगता येते तेवढेच सांगते आहे आणि तुम्ही प्रत्येकीकडून सगळ्याची अपेक्षा धरली आहे.

डीएक्सएफपासून सुरुवात करू. १२० ला २५.४ ने भागले की ४.७२ येते. म्हणजे फाईल इंचांत लिहिली गेली आणि तुमच्या बाजूने ती मिलिमीटरमध्ये वाचली गेली. कीकॅडमधून डीएक्सएफ काढताना एककाचा रकाना असतो, तो मिलिमीटरवर ठेवायला सांगा. दुहेरी रेषांचे कारणही त्याच खिडकीत आहे: रेषा तिच्या जाडीच्या दोन्ही कडांनी काढावी, अशी खूण तिथे केलेली असणार. ती काढून टाकली की प्रत्येक कडेला एकच रेषा येईल.

आता आयडीएफ. हे स्वरूप जुने आहे. सध्या सर्वत्र चालणारी त्याची ३.० ही आवृत्ती १९९६ सालची आहे. त्याच्या दोन फायली असतात. पहिलीत, म्हणजे ईएमएनमध्ये, बोर्डाची कड, भोके आणि प्रत्येक कंपोनंटची जागा असते. दुसरीत, म्हणजे ईएमपीमध्ये, त्या कंपोनंटचे आकार असतात. आकार म्हणजे तरी काय, तर वरून दिसणारी बाह्यरेषा आणि एक उंची. वेलदोड्याच्या डबीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत सगळे काही सरळ उभ्या ठोकळ्यात बसवायचे, हा त्याचा खाक्या. तुमच्याकडे ठोकळेही आले नाहीत, कारण कीकॅड आयडीएफसाठी त्याच स्वरूपातले वेगळे मॉडेल शोधतो आणि ते बहुतेक फूटप्रिंटना, म्हणजे कंपोनंटच्या बोर्डावरच्या ठशांना, जोडलेले नसते. मग उरते ती नुसती पाटी आणि भोके.

ही फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा, तासाभरात समजेल. कडेची प्रत्येक ओळ चार आकड्यांची असते: वळशाचा क्रमांक, आडवे अंतर, उभे अंतर आणि कोन. शून्य क्रमांकाचा वळसा बाहेरची कड असतो, पुढचे क्रमांक आतल्या खाचांचे असतात. कोन शून्य असेल तर सरळ रेषा, काही आकडा असेल तर तेवढ्या अंशांचा कंस आणि ३६० असेल तर पूर्ण वर्तुळ. वर्तुळात पहिला बिंदू केंद्राचा आणि दुसरा परिघावरचा असतो.

स्टेपबद्दल माझ्यापेक्षा कीकॅड रोज वापरणाऱ्यांनी लिहावे. मी ऑफिसात दुसरे सॉफ्टवेअर वापरतो.

प्रतिसाद २: रात्रपाळी

मी कीकॅड रोज वापरतो. तुमचे रिले का हरवले ते बहुधा असे आहे.

कीकॅडच्या फूटप्रिंटला दोन प्रकारची त्रिमितीय मॉडेल्स जोडता येतात. एक व्हीआरएमएल, जे पडद्यावर देखणे दिसण्यासाठी असते आणि केवळ त्रिकोणांची जाळी असते. दुसरे स्टेप, ज्यात खरे पृष्ठभाग आणि खरे घन असतात. कीकॅडच्या त्रिमितीय खिडकीत दोन्ही दिसतात, म्हणून तुमच्या सहकाऱ्याला सगळे काही जागेवर आहे असेच वाटत राहते. स्टेप निर्यात करताना मात्र जाळीचा उपयोग नसतो. निर्यातीच्या खिडकीत सारख्या नावाचे स्टेप मॉडेल शोधून बदली वापरण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवावा. पण त्या नावाची स्टेप फाईलच नसेल तर तो कंपोनंट मुकाट्याने गळतो. मुकाट्याने म्हणणेही बरोबर नाही, कारण निर्यात संपताना खाली एक अहवाल येतो आणि कोणते मॉडेल सापडले नाही ते त्यात लिहिलेले असते. तो अहवाल वाचण्याची सवय फार थोड्यांना आहे. रिले आणि ट्रान्सफॉर्मर यांचे फूटप्रिंट सहसा आपण स्वतः केलेले असतात आणि त्यांना मॉडेल जोडायचे राहून जाते, म्हणून नेमके तेच हरवतात. पेटीवाल्याला ज्यांची सर्वांत जास्त गरज, तेच गैरहजर, हा प्रकार मी कित्येकदा पाहिला आहे.

आणखी एक पाहा. जे कंपोनंट बसवायचेच नाहीत अशी खूण केलेले आहेत, ते निर्यातीत घ्यायचे की वगळायचे, असाही पर्याय आहे. तुमच्या एखाद्या प्रकारात दुसरा रिले बसत नसेल आणि पेटी मात्र दोन्ही प्रकारांसाठी एकच असेल, तर वगळण्याचा पर्याय बंद ठेवावा.

बोर्ड दूर तरंगण्याचे कारण आरंभबिंदू आहे. कीकॅडमध्ये बोर्ड कागदाच्या मध्यावर कुठेतरी काढलेला असतो, मोजमाप कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून होते आणि उभा अक्ष खाली वाढतो. निर्यात करताना अक्ष उलटवला जातो, त्यामुळे तुमच्याकडे बोर्ड ऋण बाजूला जाऊन पडतो. उपाय सोपा आहे: सहकाऱ्याला ड्रिल फाईलचा आरंभबिंदू डाव्या खालच्या स्क्रूच्या भोकाच्या केंद्रावर ठेवायला सांगा आणि स्टेप, डीएक्सएफ, ड्रिल या तिन्ही फायली त्याच बिंदूवरून काढायला सांगा. बोर्डाचा मध्य आरंभबिंदू म्हणून निवडण्याची सोय आहे, पण ती टाळा. बोर्ड उद्या ३ मिमीने लांबला तर मध्य सरकतो आणि तुमची सगळी पेटी त्याच्यामागे सरकते. स्क्रूचे भोक सहसा जागचे हलत नाही.

प्रतिसाद ३: जुनेखोड

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला पडतो. आम्ही वर्षानुवर्षे डीएक्सएफ आणि एका कागदावर उंचींचा तक्ता, एवढ्यावर पेट्या केल्या आणि त्या बसल्या. सगळ्या कंपोनंटची चित्रे पेटीत आणून ठेवली की माणूस चित्रावर विसंबतो आणि मोजायचे सोडून देतो.

प्रतिसाद ४: तांबेपट

जुनेखोड यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. बोर्डाच्या कडेसाठी डीएक्सएफ आजही उत्तम आहे, कारण त्यात खरे कंस आणि खऱ्या रेषा मिळतात आणि दोन्ही बाजूंना त्यावर काम करता येते. मात्र वक्र रेषा स्प्लाइन, म्हणजे एकसलग मुक्त वक्र, म्हणून लिहू नयेत, त्या कंसांत मोडून घ्याव्यात. आणि कड कुठेही उघडी नसावी. ०.०१ मिमीची फट डोळ्याला दिसत नाही, पण तिच्यामुळे पाटी घन होत नाही आणि माणूस अर्धा दिवस कारण शोधत बसतो.

उंचींच्या तक्त्याबद्दल मात्र असहमत. तक्ता उंची सांगतो, पण ती उंची कुठे आहे हे सांगत नाही. झाकण तिरपे असेल, आतून रिब, म्हणजे मजबुतीची पट्टी, जात असेल, तर रिलेचा कोणता कोपरा रिबला लागतो हे तक्त्यावरून कळणार नाही. सपाट झाकणाच्या पेटीला तक्ता पुरतो, हे खरे.

प्रतिसाद ५: साचेकार

मी टूलरूम चालवतो, म्हणजे वर ज्यांनी ज्यांनी चुका केल्या त्यांचे लोखंड माझ्याकडे येते. माझे म्हणणे थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने अतिशय सुंदर स्टेप फाईल पाठवली. कंपोनंटवरची अक्षरेसुद्धा उमटलेली होती. आम्ही झाकणाच्या आतून १ मिमी मोकळीक ठेवून साचा कापला. पहिला माल निघाला आणि झाकण बसेना. स्टेपमधला कपॅसिटर २० मिमी उंच होता. हातातला होता २१.५ मिमी. उत्पादकाच्या कागदावर २० हा नाममात्र आकडा होता आणि त्यावर २ मिमीपर्यंत वाढ चालेल असे बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते. मॉडेल करणाऱ्याने नाममात्र आकडा घेतला होता. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, पण साच्याचा गाभा पुन्हा कापावा लागला आणि त्याचा खर्च कोणी करायचा यावरून दोन महिने पत्रव्यवहार चालला.

तेव्हापासून मी एकच विचारतो: मॉडेलची उंची नाममात्र आहे की कमाल? पेटीसाठी कमालच हवी. आणि कपॅसिटरच्या बाबतीत कमाल उंचीही पुरत नाही. ज्याच्या डोक्यावर खाचा असतात त्या खाचा दाब वाढल्यावर फुटण्यासाठी असतात, त्यांना वर जागा लागते. ६.३ ते १६ मिमी व्यासाच्या कपॅसिटरवर किमान २ मिमी, १८ ते ३५ मिमीच्यावर ३ मिमी, अशी मोकळीक उत्पादक सांगतात. ही जागा कोणत्याही स्टेप फाईलमध्ये दिसत नाही, कारण तिथे काहीच नसते.

दुसरे, यूएसबी-सी. सॉकेटचे तोंड ८.३४ × २.५६ मिमीचे असते आणि स्टेपमध्ये ते अगदी रेखीव दिसते. नवखा माणूस त्याच्याभोवती थोडी मोकळीक सोडून भिंतीत खाच मारतो आणि समाधानाने पुढे जातो. पण केबलच्या टोकाला प्लास्टिकची मूठ असते, ती प्रमाणानुसार १२.३५ × ६.५ मिमीपर्यंत जाऊ शकते. भिंत २.५ मिमी जाड असेल आणि सॉकेट भिंतीच्या आतल्या बाजूला थांबत असेल, तर मूठ बाहेर अडते आणि धातूचे टोक पूर्ण आत जात नाही. चार्जर लागतो-निसटतो अशा तक्रारी येतात आणि सगळे सॉकेटला दोष देतात. एक तर सॉकेट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत आणावे, नाही तर मुठीएवढा खड्डा बाहेरून द्यावा. माझ्या मते सॉकेटच्या मॉडेलबरोबर केबलच्या मुठीचे मॉडेलही असेंब्लीत ठेवावे.

तिसरे, बोर्डाची जाडी. १.६ मिमी म्हणून आपण जी पाटी आणतो तिच्यावर सहसा १० टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे १.४४ ते १.७६ मिमी. बोर्ड खाचेत सरकवायचा असेल तर १.६ ला १.६५ ची खाच देऊ नका.

प्रतिसाद ६: पेटीकार

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे निर्यातीचा अहवाल वाचला आणि त्यात सात मॉडेल सापडत नसल्याचे लिहिलेले होते. रिले आणि ट्रान्सफॉर्मर त्यांत आहेतच. सहकाऱ्याने उत्पादकाच्या संकेतस्थळावरून रिलेचे स्टेप मॉडेल आणून जोडले. आरंभबिंदू डाव्या खालच्या भोकावर घेतला. आता बोर्ड माझ्या पेटीत बरोबर चार बॉसवर, म्हणजे स्क्रूच्या खांबांवर, येऊन बसतो, हे पाहून फार बरे वाटले.

पण दोन गोष्टी उरल्या. रिले ९० अंशांनी फिरलेला दिसतो, जरी पॅड, म्हणजे पाय सोल्डर करण्याच्या तांब्याच्या जागा, बरोबर आहेत. आणि डिस्प्ले थेट बोर्डावर निजलेला आहे, म्हणजे त्याच्या खालचे सगळे रेझिस्टर त्याच्या पोटात घुसलेले दिसतात.

प्रतिसाद ७: रात्रपाळी

रिलेचे कारण असे की मॉडेल करणाऱ्याची आणि फूटप्रिंट करणाऱ्याची सरळ दिशा वेगवेगळी असते. कंपोनंट शून्य अंशांवर असताना पहिला पाय वर डावीकडे असावा असे एक प्रमाण सांगते, दुसरे तो खाली डावीकडे असावा असे सांगते. दोन्ही अधिकृत आहेत, त्यामुळे एका घरातले मॉडेल दुसऱ्या घरात नेले की ते पाव फेरा फिरते. बोर्ड फिरवू नका, फूटप्रिंटही फिरवू नका. फूटप्रिंटच्या गुणधर्मांत मॉडेलला फिरवण्याचा वेगळा रकाना असतो, तिथे ९० द्या. हे एकदा लायब्ररीत दुरुस्त केले की पुढच्या बोर्डांतही बरोबर येते. नुसत्या या बोर्डात दुरुस्त केले तर लायब्ररीतून अद्ययावत करताना ते पुन्हा बिघडेल.

डिस्प्लेचेही तसेच. बाजारात मिळणारे नेहमीचे २.५४ मिमी अंतराचे मादी हेडर ८.५ मिमी उंच असते आणि डिस्प्लेला जोडलेल्या नर हेडरचे प्लास्टिक २.५ मिमी असते. म्हणजे डिस्प्लेची पाटी बोर्डापासून ११ मिमी वर येते. मॉडेलच्या उभ्या सरकवण्याच्या रकान्यात ११ मिमी द्या. हेडर पूर्ण दाबून बसते असे यात गृहीत आहे. जोडणी करणाऱ्या बायकांनी घाईत अर्धवट दाबले तर ११.५ होते, म्हणून खिडकीच्या आत थोडी जागा सोडा.

प्रतिसाद ८: फावल्या वेळचा

फाईल जड होण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. निर्यात करताना तांब्याचे ट्रॅक, पॅड, व्हाया (थर जोडणारी भोके) आणि छापील अक्षरे सोबत घेण्याचे पर्याय असतात. पेटीच्या कामाला यांतले काहीच लागत नाही. प्रत्येक ट्रॅक हा एक स्वतंत्र घन होतो, प्रत्येक व्हाया आणखी एक. उष्णतेचे किंवा विजेचे विश्लेषण करणाऱ्यांना ते हवे असते, आपल्याला नको.

तरीही जड वाटत असेल तर कनेक्टर पाहा. उत्पादकांच्या संकेतस्थळावरून आणलेल्या कनेक्टरमध्ये आतली प्रत्येक पितळी पट्टी, तिचा प्रत्येक बाक काढलेला असतो. मी अशी मॉडेल्स फ्रीकॅडमध्ये उघडून आतले सगळे काढतो, बाहेरचे कवच ठेवतो आणि पुन्हा स्टेप म्हणून जपतो. २ मिमीपेक्षा बुटके सगळे रेझिस्टर आणि कपॅसिटर मी चक्क वगळतो, फक्त डिस्प्लेखालचे ठेवतो. फ्रीकॅडमध्ये आयात करताना सर्व तुकडे एकाच संयुक्त आकारात विलीन करण्याची सोय आहे, तिनेही बराच फरक पडतो. मात्र मग एखादा कंपोनंट वेगळा लपवता येत नाही.

टूलरूमला सॉलिडवर्क्समध्ये फाईल द्यायची आहे म्हणून आणखी एक. बोर्ड बदलून नवी स्टेप आली की जुने पृष्ठभाग सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नाहीसे होतात आणि त्यांना दिलेले सगळे मेट, म्हणजे भाग एकमेकांना जागेवर धरणारी बंधने, तुटतात. त्यामुळे मेट कधीही बोर्डाच्या कडेला किंवा भोकाला देऊ नयेत. बोर्डाच्या फाईलमधल्या तीन मूळ प्रतलांना द्यावेत. आरंभबिंदू भोकावर ठेवण्याचा खरा फायदा इथे मिळतो.

प्रतिसाद ९: राइनकाठी

मी जर्मनीत वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित काम करतो. इथे मोठ्या कंपन्यांत आयडीएक्स चालते, म्हणून त्याविषयी चार ओळी. डार्मश्टाट इथल्या प्रोस्टेप आयव्हिप या संस्थेने पुढे आणलेले हे एक्सएमएल स्वरूप आहे. यात आरंभी दोन्ही बाजू एक पायाभूत फाईल मान्य करतात. त्यानंतर संपूर्ण बोर्ड पुन्हा पाठवला जात नाही, फक्त बदल पाठवला जातो: हे भोक २ मिमी उजवीकडे न्यावे, असा प्रस्ताव. समोरचा माणूस तो स्वीकारतो किंवा नाकारतो आणि नाकारण्याचे कारण लिहू शकतो. सॉलिडवर्क्सचे सर्किटवर्क्स अशा महागड्या संचांत याची सोय असते.

पण खरे सांगायचे तर आयडीएक्स असूनही भांडणे होतातच. भोक कोणाचे, हे ठरलेले नसेल तर प्रस्ताव नुसते इकडून तिकडे फिरत राहतात.

प्रतिसाद १०: तांबेपट

राइनकाठी यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. मी मघाशी आयडीएफच्या फाईलबद्दल लिहिताना एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, ती आता सांगतो. त्या १९९६ च्या स्वरूपात बोर्डाच्या कडेपुढे एक रकाना आहे: मालक कोण, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल की कोणीच नाही. प्रत्येक भोकापुढे तोच रकाना पुन्हा आहे. प्रत्येक कंपोनंटच्या ओळीच्या शेवटी तो बसवलेला आहे, बसवायचा आहे, की एका बाजूने जागचा बांधून ठेवलेला आहे म्हणून दुसऱ्याने हलवू नये, हेही लिहायची सोय आहे. शिवाय कोणत्या भागात किती उंचीपर्यंत कंपोनंट चालेल आणि कुठे मुळीच चालणार नाही, असे पट्टेही त्यात लिहिता येतात. म्हणजे ज्यांनी ते स्वरूप लिहिले त्यांना ठोकळे पाठवण्यापेक्षा मालकी पाठवण्याची काळजी जास्त होती, असे मला वाटते. स्टेपमध्ये ठोकळ्यांच्या जागी सुंदर चित्रे आली, पण हा रकाना गेला. स्टेप ही एका क्षणाची छबी आहे; ती पाहून कोणता स्क्रू कोणाच्या शब्दाने हलेल हे कळत नाही.

तेव्हा पेटीकार, तुम्ही आणि तुमचा सहकारी एका कागदावर हे आधी लिहून काढा. बोर्डाची कड, चार स्क्रूची भोके, यूएसबी-सीची जागा, डिस्प्लेची जागा आणि एलईडी ही तुमची. उरलेले सगळे त्याचे. तुमच्या वस्तूंत बदल हवा असेल तर त्याने विचारायचे, स्वतः हलवायचे नाही. त्याच्या वस्तूंत तुम्हाला बदल हवा असेल तर तुम्ही.

आणि मग कड त्याने काढायची गरजच नाही. ती तुम्ही काढा. फ्रीकॅडसाठी कीकॅड स्टेपअप नावाचे मोफत पूरक साधन आहे. त्यातून फ्रीकॅडमधले स्केच थेट कीकॅडच्या बोर्डाच्या कडेच्या थरावर ढकलता येते आणि उलट तिकडची कड स्केच म्हणून ओढूनही घेता येते. आतले कोपरे काटकोनी काढू नका. बोर्ड कापणारे फिरते कटर गोल असते. २ मिमीच्या कटरने आतला कोपरा १ मिमी त्रिज्येचाच निघणार. तुमच्या पेटीचा खांब त्या कोपऱ्यात टोकदार असेल तर बोर्ड खाली बसणार नाही.

प्रतिसाद ११: जुनेखोड

मालकीचा कागद ही गोष्ट पटली. आमच्याकडे ते काम आमचे साहेब ओरडून करायचे.

प्रतिसाद १२: पेटीकार

उशिरा लिहितो आहे, कारण सर्व सूचना करून पाहायच्या होत्या.

सहकाऱ्याबरोबर बसून कागद लिहिला. त्यात वीस मिनिटे गेली आणि त्या वीस मिनिटांत कळले की यूएसबी-सीचे सॉकेट त्याने गेल्या आठवड्यात ४ मिमी आत ओढले होते, कारण त्याला ट्रॅकसाठी जागा हवी होती आणि ही गोष्ट मला सांगण्यासारखी आहे असे त्याला वाटले नव्हते. सॉकेट पुन्हा कडेला आणले, ट्रॅक खालच्या थरातून नेला. कड मी फ्रीकॅडमध्ये काढून स्टेपअपने त्याच्याकडे पाठवली. ती पहिल्या वेळी गेली नाही, कारण एका कंसाचे टोक रेषेला चिकटलेले नव्हते. तांबेपट यांची ०.०१ मिमीची फट मी स्वतः अनुभवली.

साचेकार यांच्या म्हणण्यावरून कपॅसिटर बाजारातून आणून मोजले. कागदावर २५ मिमी, हातात २६.२ मिमी. झाकण ३ मिमीने वर घेतले. त्यानंतर कड डीएक्सएफमधून एकास एक छापून पुठ्ठ्यावर चिकटवली, खरे रिले, ट्रान्सफॉर्मर आणि हेडरवरचा डिस्प्ले त्यावर टोचले आणि त्रिमितीय छपाईने काढलेल्या तळात ठेवून पाहिले. वरची बाजू सगळी बसली. खालची बसली नाही. ट्रान्सफॉर्मरचे पाय बोर्डाखाली जवळपास ३ मिमी येतात आणि मी तळाला मजबुतीसाठी दिलेली रिब नेमकी त्यांच्याखालून जात होती. स्टेपमध्ये पाय बोर्डाच्या खालच्या पृष्ठभागाशीच संपवलेले होते, त्यामुळे तिथे मोकळी जागा आहे असेच दिसत होते. रिब ८ मिमीने सरकवली आहे. फाईल सोमवारी टूलरूमला जाईल.

प्रतिसाद १३: साचेकार

रिब सरकवली हे बरे केले. फाईल देताना स्टेपबरोबर बोर्डाच्या खालच्या बाजूचे एक साधे चित्रही जोडा आणि त्यावर सर्वांत लांब पायाचे माप हाताने लिहा. पाय सोल्डरिंगनंतर कापले जाणार असतील तर कापल्यानंतरचे माप लिहा, आणि ते कापणारा माणूस कोण, हेही एकदा विचारून ठेवा.